बाप एक म्हणता, मग भावंडं कुठं आहेत?

"आपण सगळी देवाचीच लेकरं" हे वाक्य विदर्भातल्या खेड्यात कुणाच्याही तोंडी ऐकू येतं. भागवत सप्ताहाच्या काल्याला, तंटामुक्ती समितीच्या बैठकीत, आणि ग्रामपंचायतीच्या प्रचारात तर हमखास. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेवर वाढलेला हा मुलूख, त्याला ते पटवून द्यावं लागत नाही. वाक्यात वावगं काही नाहीच. माझी तक्रार एवढीच, की बहुतेक वेळा ते बोलणं मिटवायला वापरलं जातं. गावात एखाद्या घरानं बाप्तिस्मा घेतला की पारावर पहिला प्रश्न येतो, "सगळेच देवाची लेकरं हायेत, तं मंग धरम कायले बदलवाचा?" समोरचा ख्रिस्ती माणूस दोनपैकी एक उत्तर देतो. एक तर वरमतो आणि "हो जी, सगळे सारखेच" म्हणून चहा पितो. नाहीतर ताठतो आणि "तसं नाही, खरी लेकरं आम्हीच" म्हणून वैर घेतो.

मी जन्मानं आणि मतानंही ख्रिस्ती. आयुष्य अमरावती-यवतमाळच्या पट्ट्यात गेलं. मला ही दोन्ही उत्तरं तोकडी वाटतात. देवाचं लेकरू होणं म्हणजे एका बापाबरोबर त्याच्या घरातली सगळी भावंडं पत्करणं, असं मी ख्रिस्ती शिकवणीतून समजलो आहे. आमच्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चांनी, बाप तेवढा घेतला आणि भावंडं अंगणात उभी ठेवली. पारावरच्या प्रश्नाला आमच्याकडे धड उत्तर नसण्याचं कारण हे आहे.

बायबलमध्ये सूर दोन आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या 17व्या अध्यायात पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल अथेन्सच्या विद्वानांपुढे उभा राहतो आणि त्यांच्याच कवीच्या ओळीचा आधार घेऊन सांगतो, की आपण देवाचे वंशज आहोत. ऐकणारे कुणी ख्रिस्ती नव्हते. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात माणसाला देवाचं प्रतिरूप म्हटलं आहे, तिथंही जातीधर्माची अट नाही. एवढ्यापुरता पारावरचा माणूस बरोबर. पण योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, पहिल्याच अध्यायात वेगळं येतं. ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्याच्या नावावर विश्वास ठेवला, त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला गेला. अधिकार दिला, म्हणजे तो आधी नव्हता. निर्माता सगळ्यांचा आहे, पण बाप म्हणून त्याच्या घरात जाणं ही पुढची गोष्ट, असा हा भेद आहे. गोड बोलून तो पुसता येत नाही.

मात्र लगेच पुढचं वचन वाचलं की ताठ उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. ही मुलं रक्तानं जन्मलेली नाहीत, देहाच्या वा पुरुषाच्या इच्छेनं जन्मलेली नाहीत, तर देवापासून जन्मलेली आहेत. थोडक्यात, ख्रिस्ती आईबापांच्या पोटी आल्यानं कुणी देवाचं लेकरू होत नाही. आमच्या मिशन कंपाउंडांत, म्हणजे मिशनच्या आवारातल्या वस्त्यांत, हे वचन जरा घाईनंच वाचलं जातं. पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, आजी मडमबाईंच्या हाताखाली नर्स, वडील चर्चचे सेक्रेटरी, अशी वंशावळ सांगताना आमची मान जी वर होते, तिला योहान एका ओळीत खाली आणतो. चौथ्या पिढीचा ख्रिस्ती आणि मागच्या नाताळात बाप्तिस्मा घेतलेला शेतमजूर या घरात एकाच दारानं आत आलेले आहेत.

पौल याला दत्तकपणा म्हणतो. रोमकरांच्या, गलतीकरांच्या आणि इफिसकरांच्या पत्रांत तो हे पुन्हा पुन्हा सांगतो. त्याचे वाचक रोमी साम्राज्यात राहत होते आणि तिथं दत्तक मुलगा दुय्यम नसे. ज्युलियस सीझरनं मृत्युपत्रात ऑक्टेव्हियनला दत्तक घेतलं, तोच पुढे ऑगस्टस झाला. ऑगस्टसनं इ.स. 4 मध्ये तिबिर्याला दत्तक घेतलं, आणि येशूला क्रुसावर दिलं तेव्हा कैसराच्या गादीवर हा तिबिर्यच होता. घराचं नाव, इस्टेट, कुळाच्या देवतांची सेवा, सगळं दत्तकाकडे येई आणि जुन्या घराशी नातं कायद्यानं तुटे. पौलाची पत्रं ज्या घरांत वाचली जात, तिथं गुलाम असत, सुटका झालेले गुलाम असत, ज्यांना कुणाच्याच मृत्युपत्रात जागा नव्हती असे लोक असत. त्यांना वारस म्हणणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज रविवारच्या उपासनेत जांभई देत ऐकणाऱ्याला कळत नाही.

नागपूरकरांना हे समजायला रोमला जायची गरज नाही. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये वारले. पोटी मुलगा नव्हता. राजघराण्यानं यशवंतराव ऊर्फ जानोजींना दत्तक घेतलं. घरच्या रिवाजानं तो मुलगाच झाला, पण लॉर्ड डलहौसीच्या लेखी तो वारस ठरला नाही. 1854 साली राज्य खालसा झालं, हत्ती-घोडे लिलावात गेले, जवाहीर कलकत्त्याला. आणि त्याच शहरात 1845 पासून स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप लोकांना पौलाची पत्रं शिकवत होते, ज्यांत परक्याला दत्तक घेऊन वारस करणाऱ्या देवाची गोष्ट आहे. राज्य गिळणारे आणि शाळा काढणारे एकाच बायबलवर हात ठेवत होते. हिस्लॉप यांच्याविषयी मला आदर आहे. 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना ते ओढ्याच्या पुरात वाहून गेले, त्यांच्या नावाचं कॉलेज आजही नागपुरात उभं आहे. तरी दत्तकाचं शास्त्र सांगणाऱ्या धर्माच्या सरकारनं दत्तकालाच बेवारस ठरवलं, ही गोष्ट आमच्या शताब्दीच्या स्मरणिकांत मी कधी वाचलेली नाही.

विचित्रपणा तिथं थांबत नाही. स्वतंत्र भारतात 1956 चा दत्तकाचा कायदा झाला तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. ख्रिस्ती जोडप्याला मूल दत्तक घ्यायचं तर 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त पालक होता येई. मूल सज्ञान झालं की कायद्याचं नातं संपे, वारसा तर नाहीच. बाल न्याय कायदा 2000 साली आला, 2006 ची दुरुस्ती झाली, तेव्हा कुठं धर्म न पाहता कुणालाही पुरतं दत्तक घेता येऊ लागलं, आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर मोहोर उठवली. दर रविवारी "आम्ही दत्तक झालो" म्हणणारा समाज अर्धशतकाहून जास्त काळ स्वतः कायदेशीर दत्तक घेऊ शकत नव्हता. यासाठी आम्ही रस्त्यावर उतरल्याचं मला आठवत नाही. कंपाउंडच्या जमिनीसाठी मात्र कोर्टाच्या पायऱ्या भरपूर झिजवल्या.

आता ज्या गोष्टीशिवाय हा विषय पुरा होत नाही तिच्याकडे येतो. लूकच्या 15व्या अध्यायातला उधळ्या मुलगा. धाकटा वाटणी मागतो, परदेशी जाऊन उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची वेळ येते, मग तो घरी परततो आणि बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. ही गोष्ट विदर्भात सांगताना एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या चर्चमध्ये नाही. इथं सालदार कोण ते सांगावं लागत नाही. गुढीपाडव्याला साल धरायचं, काही गावांत अक्षय तृतीयेला. रक्कम ठरते, थोडी उचल आधीच घेतलेली असते, वर ज्वारी-गहू. मग वर्षभर ढोरं, वखरणी, डवरणी, हरभऱ्याला रात्रीचं ओलित, सगळं त्याच्या अंगावर. पोळ्याला बैल तो सजवतो आणि बोजारा, म्हणजे सणाची बक्षिशी, मागत घरोघर फिरतो. मालक बरा असला तर पाहुण्यांना सांगतो, "आमच्या घरचाच माणूस हाये." साल सुटलं की हिशेब होतो. उचल जास्त झाली असेल तर ती पुढच्या सालावर चढते. आणि घरात वाटणीची बैठक बसते तेव्हा या घरच्या माणसाला गोठ्यात पाठवतात.

धाकटा मुलगा वाटेत जे वाक्य पाठ करतो ते नेमकं हे आहे: बाबा, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. त्याला सालदारकी चालणार आहे. पण घरी पोचल्यावर ते वाक्य त्याला पुरं करता येत नाही. लायकीचं बोलून होतं, मजुरीचं राहून जातं, कारण बाप मध्येच चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. साल धरायची बोलणी तिथंच मोडतात.

एका गावातल्या घरसभेत ही गोष्ट चालली होती. टिनाच्या छपराखाली पंधरावीस माणसं, बायका एकीकडे, पोरं झोपाळलेली, प्लास्टिकच्या खुर्चीवर तरुण प्रचारक. त्यानं उधळ्याच्या पश्चात्तापावर भरपूर वेळ घेतला, लोकांनी "हालेलुया" म्हटलं. मग भिंतीला टेकलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मोठ्या पोराचं का चुकलं जी? थो त बिचारा वावरातूनच येऊन राह्यला होता." उभ्या जन्मात तीन मालकांकडे साल केलेला माणूस. प्रचारक गडबडला आणि मोठा मुलगा म्हणजे परूशी, नियमशास्त्र कडक पाळणारे यहूदी लोक, एवढं सांगून प्रार्थनेला वळला. माझ्या मते त्या रात्री सभेतला खरा प्रश्न तो एकच होता.

मोठ्याचं चुकलं ते कामात नाही. तो राबतो, आणि बाप त्याला तसं म्हणतोही, की माझं जे आहे ते तुझंच आहे. चुकतं ते असं, की सगळं नावावर असलेला हा माणूस सालदाराच्या हिशेबानं जगतो आहे. इतकी वर्षं तुमची चाकरी केली, एक आज्ञा मोडली नाही, मला मित्रांसोबत खायला करडूसुद्धा दिलं नाही. उचल किती, काम किती, बोजारा किती. आणि असा हिशेब मांडणारा माणूस भावाला भाऊ म्हणू शकत नाही. तो बापाला म्हणतो, "हा तुमचा मुलगा." बाप उत्तर देतो, "हा तुझा भाऊ." सगळा झगडा या दोन वाक्यांत आहे. बापाचा मुलगा म्हणून धाकटा घरात आलाच आहे, त्यावर मोठ्याला काही बोलायची सोय नाही. आपला भाऊ म्हणून त्याच्या पंगतीला बसायचं का, एवढंच त्याच्या हातात उरतं. गोष्ट संपते तेव्हा तो अजून बाहेरच उभा आहे, आणि येशू ती तशीच सोडून देतो.

या गोष्टीत आणखी एक तपशील आहे, जो आमच्या विरोधकांनी आणि आम्हीही दुर्लक्षित केला. धाकटा परतला तो भुकेपोटी. बापाच्या घरी मजुरांनाही भाकरी उरते आणि मी इथं उपाशी मरतो, हा त्याचा पहिला विचार. पापाची कबुली त्यानंतर येते. "भाकरीसाठी ख्रिस्ती झाले" हा टोमणा या मुलखात दीडशे वर्षं चालत आला आहे आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत वऱ्हाड आणि मध्य प्रांतात मिशनच्या अनाथाश्रमांत पोरं आणून ठेवली गेली. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन उपासमारीनं मरायला टेकलेल्या मुली आणि विधवा केडगावला घेऊन गेल्या. विदर्भातल्या काही जुन्या ख्रिस्ती घराण्यांचा पहिला पूर्वज असाच कुणाच्या तरी ओट्यावर सापडलेला आहे. त्या पोराला "तू देवाचं लेकरू" असं सांगितलं गेलं, तेव्हा त्याला दुसरं कुणीच लेकरू म्हणायला उरलेलं नव्हतं. त्याच्या हेतूची चौकशी करणारे आज पुष्कळ भेटतात. गोष्टीतला बाप ती करत नाही. भाकरी दाखवून धर्म विकत घेणं वाईटच, त्याचं समर्थन मी करत नाही. पण भुकेल्यानं भाकरीच्या घरी जाऊन बाप शोधला तर त्याच्या नातवंडांना शंभर वर्षांनी मान खाली घालायला लावणारे आपण कोण?

इतकं झाल्यावर दुसऱ्या टोकाचंही बोलायला हवं, कारण हल्ली ते जोरात आहे. मोबाइलवर आणि मोठ्या मांडवांत सांगितलं जातं, "तू राजाधिराजाचं लेकरू आहेस, गरिबी तुझ्या वाट्याची नाही, कर्ज तुझ्या वाट्याचं नाही, फक्त विश्वास ठेव आणि बी पेर." इथं बी म्हणजे अर्पणाची रक्कम. ऐकणारा कोण असतो? कोरडवाहू चार एकरवाला, ज्याच्या पऱ्हाटीला बोंडअळीनं खाल्लं, ज्याचं सोयाबीन ऐन कापणीत पावसानं काळं पडलं, आणि ज्याच्या नावावर सोसायटीचं आणि सावकाराचं दोन्ही कर्ज आहे. त्याला सांगायचं, की तू राजपुत्र आहेस आणि तरी असा आहेस, म्हणजे तुझ्या विश्वासात खोट आहे. यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा इतिहास काय आहे हे ठाऊक असलेला माणूस असं बोलू शकत नाही. बोलतो तो एक तर बाहेरचा असतो नाहीतर निर्दय.

आणि शास्त्रातही हे बसत नाही. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी आली, हा माझा प्रिय पुत्र. त्यानंतर येशूला काय मिळालं? रानात चाळीस दिवसांची उपासमार. तिथं "देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर" असं सांगणारा सैतान आहे. लेकरूपणाचा पुरावा सुबत्तेत शोधायचा हा त्याचा उपदेश, आणि येशूनं तो नाकारला. "अब्बा" ही हाक शुभवर्तमानांत एकदाच येते, मार्काच्या 14व्या अध्यायात, गेथशेमानेच्या बागेत. येशू विनवतो, की हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्याला दूर होत नाही. बाप बापच राहतो आणि मुलगा क्रुसाकडे चालू लागतो. रोमकरांच्या 8व्या अध्यायात पौल आपल्याला वारस म्हणतो, पण त्याच दमात ख्रिस्ताच्या दुःखाचेही वाटेकरी म्हणतो. मांडवातल्या फ्लेक्सवर वचनाचा पहिला अर्धा भाग छापलेला असतो.

पाऊस दुष्टांवर पडतो आणि चांगल्यांवरही, हे मत्तयाच्या 5व्या अध्यायातलं वाक्य शेतकऱ्याला उपदेशाशिवाय कळतं. त्याच वाक्याच्या अलीकडे येशू सांगतो, की शत्रूवर प्रीती करा, म्हणजे तुम्ही तुमच्या स्वर्गातल्या पित्याची मुलं व्हाल. इथं लेकरू ओळखलं जातं ते बापाच्या वळणावरून. मग पारावरचा प्रश्न पुन्हा येतो: अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशनच्या रुग्णालयात कुष्ठरोग्यांची सेवा झाली ती देवाच्या लेकरांनी केली, आणि 1946 मध्ये अमरावतीला तपोवन उभं करणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला आनंदवन वसवणारे बाबा आमटे, ते कोण? माझं उत्तर सरळ आहे. ख्रिस्तावाचून या घरात येता येतं असं मी शिकवणार नाही, माझी श्रद्धा तशी नाही. पण बापाचं वळण ज्यांच्यात दिसलं त्यांना परके म्हणायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. घरात कोण येतो हे दत्तक घेणारा ठरवतो, आधी दत्तक आलेला नाही.

आता भावंडांकडे. काही वर्षांपूर्वी वर्धा नदीकाठच्या एका खेड्यातली विश्वासी बाई वारली. आमच्याकडे नव्यानं विश्वास धरलेल्यांना 'विश्वासी' म्हणतात, जुन्यांना 'ख्रिस्ती'. या दोन नावांतच पुष्कळ काही येतं. गावात दफनाला जागा नव्हती, भाऊकीनं गावच्या स्मशानात पुरू द्यायला नकार दिला. श्रावणाचा पाऊस. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्रीखाली प्रेत ठेवून ते तालुक्याच्या गावी ख्रिस्ती कब्रस्तानात आले. फाटकाला कुलूप. किल्लीवाल्या कमिटी मेंबरनं विचारलं, कुठल्या मंडळीचे सभासद, वर्गणीची पावती कुठं? मुलाकडे खिशात मावणारा नवा करार होता आणि चार्जिंग संपत आलेला फोन. फोनाफोनीत दुपार गेली, मग कडेच्या भिंतीला लागून जागा मिळाली, रक्कम भरून. कबरीवर माती पडत होती तेव्हा आम्ही जे गीत म्हटलं त्यात आपण एका पित्याची लेकरं असल्याचं होतं. तो मुलगा गात नव्हता.

वर्गणीचा नियम वेडगळ आहे असं मी म्हणत नाही. जमीन थोडी, भिंत बांधायला पैसा लागतो, मागे कुणीही येऊन कबरी बांधून गेले म्हणून नियम झाला. पण त्या दिवशी कुलूप लावून आत उभा असलेला माणूस म्हणजे लूकच्या गोष्टीतला मोठा भाऊ होता, आणि त्याला आपण तसे आहोत याचा पत्ताही नव्हता.

लग्नाच्या बैठकीत हेच जरा मऊ शब्दांत होतं. मुलगी शिकलेली, मुलगा तलाठी, दोन्ही घरं ख्रिस्ती, पत्रिका पाहायचा प्रश्न नाही. मग चहा झाल्यावर कुणीतरी काका घसा खाकरून विचारतात, "तसं काही नाही, पण मूळचे कोण म्हणायचे?" गलतीकरांच्या पत्रातलं यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही हे वचन त्याच घराच्या भिंतीवर चौकटीत असतं. पौलानं फिलेमोनाला चिठ्ठी लिहून त्याचा पळालेला गुलाम अनेसिम परत पाठवला तो गुलाम म्हणून नाही, प्रिय बंधू म्हणून. एका पानाची चिठ्ठी, आमच्या किती उपदेशांत ती येते? 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. परदेशातून आलेले भेद मिटले. गावातून आलेले तेवढे मिटायचे राहिले.

बहिणींचंही तेच. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क 2005 मध्ये मिळाला. म्हणजे ऐंशी वर्षं आम्ही पुढे. प्रत्यक्षात ख्रिस्ती भाऊही बहिणींना दिवाळीला बोलावतात, साडी देतात, आणि दोन दिवसांनी तहसीलच्या गावी नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. पौलाच्या पत्रात स्त्री आणि पुरुष दोघंही वारस आहेत. सातबाऱ्यावर ती वारस राहत नाही, आणि त्याविरुद्ध बोललेला पास्टर मी पाहिलेला नाही, कारण हक्कसोड करून घेणारा बहुधा कमिटीत असतो.

म्हणून 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंनी डॉ. आंबेडकरांबरोबर धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते आमच्या दारावरून पुढे का गेले, हे आम्ही स्वतःला विचारायला हवं होतं. ख्रिस्ती झाल्यानं अस्पृश्याची जात सुटलेली नाही, ही टीका बाबासाहेबांनी उघडपणे केलेली होती. आमची शिकवण त्यांना ठाऊक नव्हती असं नाही, आमची घरंही त्यांनी पाहिली होती.

शिवाय एक राष्ट्रपतींचा आदेश आहे. 10 ऑगस्ट 1950 च्या या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्ये धर्माची अट काढायची शिफारस केली, 2022 मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. मी स्वतः या मागणीच्या बाजूचा आहे. बाप्तिस्म्यानं गावातली वस्ती बदलत नाही, विहिरीवरची नजर बदलत नाही, मग सवलत तेवढी का जावी? दाखल्यावर हिंदू आणि रविवारी मंडळीत, असं दुहेरी जगणारी कुटुंबं मी ओळखतो, आणि त्यांना खोटारडे म्हणायची माझी तयारी नाही. आरक्षणावर पोराची फी अवलंबून असते.

पण या मागणीला एक किंमत आहे आणि ती आम्हाला मोजायची नाही. सरकार म्हणतं, ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून सवलत नाही. आम्ही व्यासपीठावरून म्हणतो, ख्रिस्ती धर्मात जात नाही, सगळी देवाची लेकरं. दोघांचं म्हणणं एकच झालं. दिल्लीत जाऊन "आमच्यात जात आहे, आम्हाला न्याय द्या" म्हणायचं असेल तर आधी इथं, वर्षाच्या सर्वसाधारण सभेत, इतिवृत्तात नोंद करून म्हणावं लागेल की आमच्या मंडळीत जात आहे, ती लग्नात आहे, कमिटीच्या खुर्च्यांत आहे, कब्रस्तानाच्या किल्लीत आहे. 10 ऑगस्टला काळ्या फिती बांधून कलेक्टर कचेरीवर जाणाऱ्यांत मीही असतो. निवेदनावर सही करणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, मतदार यादीत खेड्यातल्या विश्वासींची नावं चढवायला हात वर करतील, हे मला पुढच्या सभेत पाहायचं आहे. विषयपत्रिकेवर तो विषय मी लेखी दिला आहे.